रिकाम्या पोटी म्हणजे नेमकं कधीपासून?

हर्निया किंवा पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन करून बऱ्याच जणांना त्याच दिवशी घरी जाता येतं. पण मग आदल्या रात्री लक्ष ठेवायला नर्स नसते. त्यामुळे पेशंटला ‘उद्या रिकाम्या पोटी या’ एवढं सांगून भागत नाही. इंदूरात तर नाहीच. सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, मध्यरात्री गराडू (तळलेला कंद) खाऊन सकाळी सातला दाखल झालेला माणूस स्वतःला उपाशीच समजतो.

भुलीत खोकण्या-गिळण्याची क्रिया थंडावते. पोटातलं काही घशात आलं, तर ते फुफ्फुसात उतरतं. कण श्वासनळी अडवतात, आम्लाने फुफ्फुसाला इजा होते. म्हणून ठोकताळा असा: तळलेलं, तुपकट खाल्ल्यावर 8 तास, हलका नाश्ता किंवा दूध घेतल्यावर 6 तास, पाणी प्यायल्यावर 2 तास. ऑपरेशन आठला असेल, तर गराडूची वेळ रात्री बारालाच संपली. पाणी मात्र सहापर्यंत चालतं. हे दुसरं आवर्जून सांगावं. नाहीतर पेशंट रात्रभर घसा कोरडा ठेवतो, मग डोकं दुखतं आणि सलाइनला शीर सापडत नाही.

‘पातळ चालेल’ असं तर मुळीच सांगू नये. इथली शिकंजी लिंबाची नसते, घट्ट दुधाची असते. आणि दूध पोटात गेलं की फाटून त्याच्या गुठळ्या होतात. दुधाचा चहाही त्यातच आला. ग्लासातून पलीकडची छापील अक्षरं वाचता आली, तरच ते पेय पाण्याच्या हिशेबात. साबुदाण्याची खिचडी उपासाला चालते, भुलीला नाही.

औषधांची नावं विचारू नका, पाकिटंच मागवा. ब्लडप्रेशरच्या बहुतेक गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घेता येतात. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल घ्यायची का, ते भूलतज्ज्ञ ठरवतील. मधुमेहातली डापाग्लिफ्लोझिन सहसा 3 दिवस आधी बंद करायला सांगतात. उपाशीपोटी तिच्यामुळे रक्तात आम्ल साठू शकतं, तेही साखर फारशी न वाढता, म्हणजे ग्लुकोमीटर बेसावधच ठेवतो. हृदयात स्टेंट असेल, तर रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद करू नये.

‘समजलं ना?’ विचारलं की सगळेच मान डोलावतात. त्याऐवजी ‘उद्या उठल्यापासून काय काय कराल, सांगा बरं’ असं विचारावं, आणि सकाळचा चहा घरात जो करतो त्याच्यासमोर.

घरी न्यायला मोठं माणूस हवंच. पुढचे 24 तास स्कूटर नाही, कागदपत्रांवर सह्या नाहीत. जखमेभोवती दिलेलं बधिरतेचं औषध काही तासांनी, बहुधा रात्री उतरतं. लिहून दिलेली वेदनाशामक गोळी कळ येण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी घ्यावी.