दांडीनंतर मिठावरचा कर उठला का?

एप्रिल उजाडला की एक संदेश हमखास फिरतो: "दांडीला मूठभर मीठ उचललं आणि इंग्रजांना मिठावरचा कर रद्द करावा लागला." शाळेतला धडा बहुधा दांडीच्या किनाऱ्यावरच संपतो, त्यामुळे तसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण कर तेव्हा उठला नव्हता.

६ एप्रिल १९३० ला दांडीत कायदा मोडला गेला. पाठोपाठ आपल्याकडे वडाळा आणि शिरोड्याच्या मिठागरांवर लोकांनी लाठ्या झेलल्या. ५ मार्च १९३१ ला गांधीजी आणि व्हाइसरॉय आयर्विन यांच्यात समझोता झाला. त्याचं २० वं कलम जरूर वाचा. मिठाच्या कायद्यात मोठा बदल करणार नाही, असं सरकारने त्यात स्पष्टच म्हटलंय. सवलत मिळाली ती एवढीच, की जिथे मीठ तयार होतं त्याच्या लगतच्या गावकऱ्यांनी ते घरात वापरावं किंवा गावातच विकावं. गावाबाहेर विक्री बंद. किनाऱ्याला थोडा दिलासा मिळाला, घाटावरच्या मजुराच्या वाट्याला मात्र करासकटचंच मीठ राहिलं.

त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारने करांवर पंचवीस टक्के अधिभार लादला. मिठावरचा कर मणामागे सव्वा रुपयावरून एक रुपया नऊ आण्यांवर गेला! एवढ्या लाठ्यांनंतर ही वाढ, हे वाचून आजही चीड येते.

कर गेला तो १९४७ मध्ये, हंगामी सरकारच्या काळात. खात्री करायची असेल तर समझोत्याचा मूळ मसुदा आणि १९३१ व १९४७ ची केंद्रीय अंदाजपत्रकं शेजारी ठेवून पाहा.