केडीएमच्या पाटीमागचा धातू आणि रक्ततपासणी

हॉलमार्क रूढ होण्याआधी कोल्हापूरच्या गुजरीत ‘केडीएम’ ही अक्षरे सोन्याच्या शुद्धतेची ग्वाही म्हणून वाचली जात. ती कॅडमियमवरून आली आहेत, हे फार थोड्या गिऱ्हाइकांना ठाऊक असे. कॅडमियम मिसळलेल्या डाखाने दागिना जोडताना उठणारी वाफ कारागिराच्या फुप्फुसांतून रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांत वर्षानुवर्षे साचून राहते. रक्तातले तिचे प्रमाण मात्र लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या हिश्शात मोजावे लागते.

या मोजणीचे मूळ १८५९ सालच्या हायडेलबर्गमध्ये आहे. तापलेले प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक रंगरेषांचा प्रकाश देते आणि त्याची थंड वाफ नेमका तोच प्रकाश शोषते, हे किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी तिथे दाखवले. हीच विद्या घेऊन ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर जानेवारी १८९८मध्ये खग्रास सूर्यग्रहणासाठी आपल्या घाटाखालच्या विजयदुर्गावर आले होते. सूर्यातली द्रव्ये अशी ओळखता येऊ लागली, तरी रक्तातल्या शिशासाठी पुढेही अनेक दशके डायथिझोन या शिशाशी जुळून रंग बदलणाऱ्या रसायनाच्या रंगावरच भिस्त होती आणि त्यासाठी कित्येक मिलिलिटर रक्त लागे.

ऑस्ट्रेलियातील ॲलन वॉल्श यांनी १९५५मध्ये शोषलेला प्रकाश मोजण्याची रीत मांडली. जो धातू शोधायचा त्याचाच दिवा लावायचा, ही त्यातली खरी युक्ती. कॅडमियमच्या दिव्याचा २२८.८ नॅनोमीटरचा प्रकाश जेवढा घटेल, तेवढे कॅडमियमचे अणू वाटेत आहेत. त्यानंतर सोव्हिएत रशियातील बोरिस ल्वोव यांनी नमुन्याची वाफ करण्यासाठी ज्योतीऐवजी ग्राफाइटची भट्टी आणली आणि रक्ताच्या तपासणीचा मार्ग खऱ्या अर्थाने मोकळा झाला. बोटाच्या पेराएवढ्या ग्राफाइट नळीत पातळ केलेल्या रक्ताचे वीसेक मायक्रोलिटर सोडतात. ते आधी सुकते, मग त्यातली प्रथिने जळून जातात आणि शेवटच्या काही सेकंदांच्या प्रखर उष्णतेत धातूची वाफ दिव्याच्या वाटेत येते. १९८०नंतर प्लाझ्मात, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायूत, धातूंचे आयन (विद्युतभारित अणू) करून त्यांचे वस्तुमान मोजणारी आयसीपी-एमएस पद्धत आली आणि एकाच नमुन्यात अनेक धातू मोजता येऊ लागले.

यंत्र इतके सूक्ष्म झाल्यावर बाहेरून मिसळणारा धातू हीच मोठी अडचण ठरली. अमेरिकेतील क्लेअर पॅटरसन यांनी शिशाच्या मोजणीत हवा, भांडी आणि रसायने यांतले शिसे किती घोटाळा करते हे दाखवून दिले. म्हणून डाखकाम करणाऱ्याचे रक्त बोट टोचून घेणे मला मुळीच मान्य नाही. त्याचा हात साबणाने स्वच्छ धुऊन, शिरेतून, धातूविरहित नळीतच ते घेतले पाहिजे, नाहीतर कातडीवरची धूळच रक्तातला धातू म्हणून अहवालात उतरते.