ऑटिझम असलेल्या मुलांसाठी सरकारी कागदपत्रं: सर्टिफिकेट, यूडीआयडी, निरामय आणि 18 नंतरचं पालकत्व

मुलाला ऑटिझम आहे असं कळलं की पुढचे काही महिने चांगली थेरपी शोधण्यातच जातात, जायलाच पाहिजेत, पण त्याच वेळी कागदांचं कामही सुरू करा असं मी भेटेल त्या पालकांना सांगते. सरकारी मदत जी काही आहे ती बहुतेक सगळी एकाच कागदापाशी येऊन थांबते, तो म्हणजे दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट. खासगी डॉक्टरचा रिपोर्ट कितीही जाडजूड असला तरी ते सर्टिफिकेट नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. तो रिपोर्ट लागतो, जपून ठेवा, पण त्यावर योजना मिळत नाहीत.

आणि उलट बाजूनंही सांगते, थेरपीसाठी सर्टिफिकेटची वाट बघत बसू नका. बऱ्याच जिल्ह्यांत सरकारी दवाखान्याला जोडून डीईआयसी म्हणजे लहान मुलांच्या लवकर उपचारांचं केंद्र असतं, 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ते चालतं, तिथे 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते आणि थेरपीही सुरू करता येते. महाराष्ट्रात आणखी एक ठिकाण म्हणजे खारघरचं एनआयईपीआयडीचं केंद्र, ही बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी काम करणारी केंद्र सरकारचीच संस्था आहे.

आता सर्टिफिकेट कुणाला मिळतं ते बघू. 1995 च्या जुन्या दिव्यांग कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं, त्यामुळे तेव्हा कितीतरी मुलांची नोंद मतिमंदत्वाखाली करून घ्यावी लागायची. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आले आणि त्यात ऑटिझम स्वतंत्रपणे आहे, त्यामुळे अर्जात तोच प्रकार निवडा, बौद्धिक अक्षमता नाही, बाकी काही सोबत असेल तर ते डॉक्टर ठरवतील. तपासणीला इसा नावाचं भारतीय मोजमाप वापरतात. त्यात 40 मुद्दे असतात, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, आणि बेरीज 70 च्या खाली आली तर ऑटिझम धरत नाहीत. दिव्यांगत्वाची टक्केवारी या गुणांवरून निघते आणि बहुतेक सवलतींसाठी ती किमान 40 लागते. हे गुण बऱ्याच अंशी पालकांशी बोलून दिले जातात, म्हणून मूल घरी कसं वागतं, झोप कशी, खाणं कसं, आवाजाला काय करतं, हे आधीच लिहून न्या. तपासणीच्या खोलीत मूल एखाद्या दिवशी शांत बसतं आणि आपणही कौतुकानं "तसं सगळं करतो हो तो" असं बोलून जातो. तिथे कौतुक नको, खरं जे आहे ते सांगा, कमीही नाही, वाढवूनही नाही.

अर्ज ऑनलाईन आहे, केंद्राच्या स्वावलंबन कार्डच्या पोर्टलवर. सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे देशभर चालणारं दिव्यांग ओळखपत्र, दोन्हीसाठी हाच एक अर्ज. मुलाचं आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, सही किंवा अंगठा, चालू असलेला मोबाईल नंबर आणि असतील तेवढे मेडिकल रिपोर्ट एवढं हाताशी ठेवून बसा. आधारवर आणि जन्मदाखल्यावर नावाचं स्पेलिंग किंवा जन्मतारीख वेगळी असेल तर आधी ते दुरुस्त करा, नाहीतर पुढे प्रत्येक योजनेत तोच घोळ निघत राहतो. फॉर्ममध्ये हॉस्पिटल निवडायचं असतं, आणि इथे एक फोन आधी करायचाच, कारण ऑटिझमच्या तपासणीला सायकॉलॉजिस्ट, मानसोपचारतज्ञ, बालरोगतज्ञ अशी टीम लागते, ती प्रत्येक सरकारी हॉस्पिटलात नसते आणि असली तरी ठरलेल्या वारीच बसते. मूल गर्दीत त्रासून जाणारं असेल तर तेही फोनवर सांगून ठेवा. अर्ज भरल्यावर जो नोंदणी नंबर येतो तो लिहून ठेवा, स्टेटस त्यावरच दिसतं. कार्डाचा रंग टक्केवारीप्रमाणे असतो, 40 च्या खाली पांढरा, 40 ते 79 पिवळा, 80 आणि त्याच्या वर निळा.

लहान मुलांना बऱ्याचदा तात्पुरतं सर्टिफिकेट देतात, त्यावर पुन्हा तपासणीची तारीख असते, ती मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये आत्ताच टाका. टक्केवारी पटली नाही तर 90 दिवसांच्या आत अपील करता येतं. वयाची वरची मर्यादा कुठेच नाही, मोठेपणी निदान झालेल्या माणसांनाही हाच अर्ज आहे.

सर्टिफिकेट हातात आलं की पहिल्यांदा निरामय करून घ्या. ही नॅशनल ट्रस्टची, म्हणजे ऑटिझमसारख्या दिव्यांगत्वासाठी काम करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत, आधी मेडिकल टेस्ट लागत नाही, वयाची अट नाही, आणि मुख्य म्हणजे ओपीडी आणि नियमित थेरपीचे पैसेही ठरलेल्या मर्यादेपर्यंत मिळतात, जे साध्या विम्यात सहसा मिळत नाही. अर्ज ट्रस्टकडे नोंदणी झालेल्या संस्थेमार्फत जातो, नोंदणीची फी बीपीएल कुटुंबाला 250 आणि इतरांना 500 रुपये. सर्टिफिकेट, आधार, बँकेचे डिटेल्स, बीपीएल असाल तर ते कार्ड, एवढंच लागतं. कॅशलेस नाही, आधी आपण खर्च करायचा आणि मग बिलं पाठवायची, म्हणून थेरपिस्टकडून दर महिन्याला सही-शिक्क्याची पावती मागून घेत जा, लाजू नका. पॉलिसी 31 मार्चला संपते, रिन्यू करायला विसरू नका.

शाळेसाठी, 40 टक्के किंवा त्याच्या वर असेल तर 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे, जवळच्या शाळेत किंवा आपण निवडू त्या विशेष शाळेत. परीक्षेत जास्तीचा वेळ, लेखनिक वगैरे सवलती बोर्डाकडे अर्ज करून मिळतात, तो अर्ज शाळेमार्फत जातो, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांना भेटा.

आणि सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट. मूल 18 वर्षांचं झालं की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ शकणारी ऑटिस्टिक माणसं भरपूर आहेत, त्यांच्यावर पालकत्व लादायचं कारणच नाही, त्यांना फक्त समजावून सांगणारं कुणीतरी लागतं. पण ज्यांना बँक, मालमत्ता, उपचारांची संमती हे खरंच जमणार नाही त्यांच्यासाठी 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याप्रमाणे स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. ही समिती जिल्हाधिकाऱ्यांकडे असते, कोर्टात जावं लागत नाही. फॉर्म ए, सर्टिफिकेट, वयाचा पुरावा, पालक होणाऱ्याची ओळखपत्रं, आणि घरातल्या इतरांची संमतीही घेऊन ठेवा, भावंडांशी मोकळेपणानं बोलूनच, कारण आपल्यानंतर जबाबदारी त्यांच्यावर येऊ शकते. हे पालकत्वाचं पत्र बँकांनी मान्य करावं अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत, ब्रँचमध्ये कुणी नाही म्हटलं तर त्यांचा हवाला द्या. पालक नेमल्यावर 6 महिन्यांत मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते आणि मग दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर 3 महिन्यांत हिशोब, तेव्हा पहिल्या दिवसापासून त्या खात्याची वेगळी वही ठेवा.