अंडरडॉग

लढत सुरू होण्यापूर्वीच जो हरणार असे बहुतेकांनी गृहीत धरलेले असते, तो अंडरडॉग. खेळाइतकाच हा शब्द निवडणुकीत आणि कोर्टकचेरीतही चालतो.

मूळ कुत्र्यांच्या झुंजीत आहे. खाली दाबला गेलेला तो 'अंडर डॉग', त्याच्यावर चढलेला तो 'टॉप डॉग'. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत हा शब्द रुळला. खड्ड्यात उभे राहून, अंगावर भुसा झेलत करवतीचे खालचे टोक ओढणाऱ्यावरून तो आला, ही व्युत्पत्ती सांगितली जाते. तिला भक्कम आधार नाही.

मराठीतल्या 'वरचढ'मध्ये टॉप डॉगचेच चित्र आहे, पण खाली सापडलेल्यासाठी तसे सुटसुटीत नाम नाही. 'लिंबूटिंबू' चालत नाही: लपंडावात लिंबूटिंबूवर राज्य येत नाही, अंडरडॉग मात्र पूर्ण भिडू असतो. 'छुपा रुस्तम'ही वेगळा, कारण त्याची ताकद कोणाला ठाऊक नसते. अंडरडॉगची सर्वांना ठाऊक असते, आणि ती कमी असते.

नेमकी चूक होते ती पिछाडीवर पडलेल्याला अंडरडॉग म्हणण्यात. १९८३च्या विश्वचषकात झिम्बाब्वेविरुद्ध भारताची अवस्था ५ बाद १७ होती, तरी त्या सामन्यातला अंडरडॉग झिम्बाब्वेच. अंतिम सामन्यात वेस्ट इंडीजसमोर तोच भारत अंडरडॉग होता. प्रतिस्पर्धी बदलला की बिरुद बदलते.

किती अंडरडॉग, हे सट्ट्याच्या भावावरून मोजता येते. त्या स्पर्धेपूर्वी भारताचा भाव ६६ला १ सांगितला जात होता. म्हणजे जिंकण्याची शक्यता ६७त १, जेमतेम दीड टक्का. लॉर्ड्‌सवरच्या अंतिम सामन्यात १८३ धावांत बाद होऊनही भारत ४३ धावांनी जिंकला.

अंडरडॉगला एकच सामना फायद्याचा, मालिका तोट्याची. प्रत्येक सामन्यात जिंकण्याची शक्यता ३० टक्के धरली, तर तीन सामन्यांच्या मालिकेत ती सुमारे २२ टक्के उरते, पाचांच्या मालिकेत १६. सामने वाढले की नशिबाचा वाटा घटतो. त्याच वर्षाअखेरीस वेस्ट इंडीजने भारतात येऊन एकदिवसीय मालिका ५-० आणि कसोटी मालिका ३-० अशी जिंकली.