सोरायसिसवरचं संशोधन शोधायचं कसं?

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या की नाशिकमधल्या सोरायसिस या त्वचारोगाच्या अनेक रुग्णांच्या कोपर-गुडघ्यांवरच्या खपल्या वाढतात. नेमके त्याच दिवसांत ‘सोरायसिस मुळासकट बरा’ करणारे मेसेज फिरतात. जानेवारीत औषध सुरू केलं, होळीनंतर ऊन वाढलं, खपल्या उतरल्या, श्रेय औषधाला! हा आजार आपोआपही कमी-जास्त होतो आणि बऱ्याच जणांना ऊन मानवतं. म्हणून ‘अमक्याला गुण आला’ एवढ्यावर विसंबू नका, छापून आलेलं संशोधन पाहा.

त्यासाठी पबमेड उघडा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची ही संशोधन-निबंधांची ऑनलाइन सूची १९९६ पासून चालू आहे, साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत, आणि ती मोफत आहे.

तिची खरी ताकद ‘मेश’ नावाच्या विषयशब्दांत आहे. १९६० पासून चालत आलेल्या या यादीतले शब्द सूचीतल्या बहुतेक निबंधांना लावले जातात. पूर्वी हे काम माणसं निबंध वाचून करत, २०२२ पासून संगणक करतो. शब्दांची रचना वंशावळीसारखी आहे: त्वचारोगांच्या पोटात सोरायसिस, त्याच्या पोटात सोरायसिसचा संधिवात. त्यामुळे वरच्या शब्दाने शोधलं तरी बोटांच्या सुजलेल्या सांध्यांवरचा निबंध हाती लागतो, मग शीर्षकात काहीही असो. शिवाय प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर, याचीही वेगळी खूण असते. ती आधी बघा! ‘अमुक वनस्पती सोरायसिसवर गुणकारी’ म्हणणाऱ्या कित्येक निबंधांत उंदराची पाठ भादरून तिच्यावर इमिक्विमोड क्रीम चोपडलेलं असतं. त्याने सोरायसिससारखी सूज येते, आणि औषध तपासलं जातं ते त्या सुजेवर.

माणसांवरच्या प्रयोगांत ‘रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल’ची गाळणी लावा. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी रुग्णांची औषध घेणारा गट आणि तुलनेचा गट अशी वाटणी होते, त्यामुळे ऊन दोन्ही गटांना सारखंच मिळतं. निकालात ‘पासी ७५’ दिसेल. लाली, जाडी, खपल्या आणि व्याप्ती यांचा मिळून काढलेला आकडा किमान ७५ टक्क्यांनी उतरला, असा त्याचा अर्थ.

सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही आणि ते मागच्या जन्मीचं पापही नाही. प्रतिकारयंत्रणा नको तिथे चेतते आणि एरवी महिनाभरात वर येणाऱ्या पेशी काही दिवसांतच वर ढकलल्या जातात.

सापडलेला निबंध डॉक्टरांना दाखवा, पण चालू औषध परस्पर थांबवू नका. पोटात घ्यायची स्टिरॉइड्स अचानक सोडली तर सोरायसिस भडकतो, कधी अंगभर पू भरलेले फोड येतात. काही ‘चमत्कारी’ पुड्यांमध्ये हीच स्टिरॉइड्स न सांगता मिसळलेली आढळली आहेत.