अष्टमीची बाटली आणि अमावास्येची बाटली

कोकणात भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही, तिथी ठाऊक असली की पुरतं. तिथीला पाऊणने गुणायचं. येईल तो आकडा म्हणजे भरती पूर्ण होण्याची साधारण वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला हिशेब सव्वाअकराचा येतो, प्रत्यक्षात पाणी बाराच्या आसपास टेकतं. दिवसाही आणि रात्रीही. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. समुद्राच्या तोंडापासून खाडीत जितकं आत जावं तितका त्यात उशीर मिळवायचा, आणि तो किती हे त्या त्या गावच्या माणसालाच माहीत.

प्रदूषित खाडी पुन्हा जिवंत कशी करायची, या प्रश्नाचा मोठा भाग या एका हिशेबात दडलेला आहे.

समजा, खाडीत मासे मेले. गावातून तक्रार गेली. दोन दिवसांनी सरकारी गाडी आली, दुपारी बाराच्या सुमारास काठावरून पाण्याची बाटली भरून घेतली गेली, आणि अहवालात पाणी ठीक निघालं. गाव म्हणतं, अहवाल खोटा. अधिकारी म्हणतो, यंत्र खोटं बोलत नाही. दोघंही खरं बोलत असतील. तो दिवस अमावास्येचा असेल, तर दुपारी बाराला खाडीत समुद्राचं ताजं पाणी तुडुंब भरलेलं होतं. बाटलीत समुद्र आला, खाडी आलीच नाही.

मासे मरतात ते बहुधा पहाटे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मुळातच फार थोडा असतो. एक लिटर हवेत सुमारे 275 मिलिग्रॅम प्राणवायू असतो. 30 अंश सेल्सिअसच्या एक लिटर खाऱ्या पाण्यात मात्र जास्तीत जास्त सहाच्या आसपास. पाणी जितकं गरम आणि जितकं खारं, तितका तो कमी. या तुटपुंज्या शिधेवर बोय, शेवटा, जिताडा, कोलंबी, चिंबोऱ्या, शिवाय चिखलातले अगणित जिवाणू असा सगळा गाव जगतो. सांडपाण्यातून किंवा कारखान्यातून सेंद्रिय घाण आली की ती कुजवणारे जिवाणू वाढतात आणि प्राणवायू आधी तेच संपवतात. नत्र आणि स्फुरद आले तर शेवाळ माजतं. दिवसा उन्हात हे शेवाळ प्राणवायू सोडतं, म्हणून दुपारी पाणी फसवं चांगलं दिसतं. रात्री तेच शेवाळ श्वास घेतं आणि सूर्य उगवायच्या आधी साठा तळाला जातो.

आता तिथी जोडा. अमावास्या-पौर्णिमेला पहाटे साडेपाच-सहाला मोठी ओहोटी असते. म्हणजे पाणी सगळ्यात कमी आणि प्राणवायूही सगळ्यात कमी, अशा दोन वाईट वेळा एकाच पहाटेवर येतात. अष्टमीचं दुखणं निराळं. त्या दिवसांत भांग असतो. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, जागच्या जागी हेलकावतं. खाडी धुऊन निघत नाही, सोडलेलं सांडपाणी दिवसेंदिवस तिथंच घोटाळतं. तेव्हा प्राणवायू मोजायचा तर उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या, पहाटे जावं, रसायन साचलंय का ते पाहायचं तर भांगाच्या ओहोटीला. हे गावातल्या पाग (फेकजाळं) टाकणाऱ्याला सांगावं लागत नाही. प्रयोगशाळेतल्या माणसाला मात्र कुणीतरी सांगायला हवं, आणि खाडीच्या पुनरुज्जीवनातलं सरकार आणि लोकांचं सहकार्य मला तरी इथूनच सुरू होताना दिसतं. फीत कापण्याच्या कार्यक्रमात ते नसतं.

बाटलीची खोलीही महत्त्वाची. गोडं पाणी हलकं, खारं जड. दोन्ही एका खाडीत भेटतात तेव्हा गोडं वर तरंगतं आणि खारं खाली सरकतं. वरच्या थराला हवा मिळते, खालच्याचा श्वास कोंडतो. दाभोळच्या खाडीत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे, कारण वाशिष्ठी आता नुसती पावसाची नदी राहिलेली नाही. कोयनेचं पाणी सह्याद्री ओलांडून वीज तयार करतं आणि मग वाशिष्ठीत उतरतं. कृष्णा पाणी लवादाने पश्चिमेकडे वळवायला मंजूर केलेलं हे पाणी वर्षाला सुमारे 67.5 अब्ज घनफूट आहे. उन्हाळ्यात जी खाडी खारी व्हायला हवी, तिथंही गोडं पाणी येत राहतं, आणि किती यायचं ते विजेच्या मागणीवर ठरतं. काठावरून वरवर बुडवलेल्या बाटलीला यातलं काहीच कळत नाही.

याच खाडीच्या खोऱ्यात लोटे परशुरामची रासायनिक औद्योगिक वसाहत आहे. 2011 मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने अहवाल दिला. सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला येणारा भार पेलत नाही आणि दाभोळ खाडीतले मासे घटल्याने मच्छीमारांचं पोट मारलं गेलं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. त्यातली एक नोंद मला सगळ्यात जास्त लागली. प्रदूषण नियंत्रण मंडळाने लोट्यासाठी नागरिक आणि जाणकारांचा एक अभ्यास गट नेमला होता, चिपळूणच्या महाविद्यालयातले प्राध्यापकही त्यात होते. परिस्थिती गंभीर असताना त्या गटाची दोन वर्षांहून अधिक काळ एकही बैठक झाली नव्हती. माणसं होती, ज्ञान होतं, कागदावर रचनाही होती. बैठक तेवढी नव्हती.

लोकांनी स्वतः पाणी मोजलं तर? मोजावंच, पण त्याची एक मर्यादा ओळखून. जल कायदा 1974 चा. त्यानुसार कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना कायदेशीर कारवाईसाठी घ्यायचा तर कारखानदाराला तशी सूचना द्यावी लागते, नमुन्याचे दोन भाग करावे लागतात, ते मोहोरबंद करून सह्या घ्याव्या लागतात. ही पद्धत पाळली नाही तर तपासणीचा निकाल पुरावा म्हणून चालत नाही. त्यामुळे गावच्या बाटलीने खटला उभा राहत नाही. पण कुठल्या तिथीला, कुठल्या नाल्याच्या तोंडाशी, किती वाजता यायचं हे गावची बाटली सांगू शकते. पाणी किती गढूळ ते कळायला एक पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि किती हातांवर दिसेनाशी होते ते लिहायचं. तापमापी, खारेपणा मोजायचं छोटं भिंगाचं उपकरण, प्राणवायू तपासायची पेटी, एवढ्यावर माध्यमिक शाळेची मुलंही वर्षभर नोंदी ठेवू शकतात. प्राणवायूचा नमुना होडीतच रसायनं घालून पक्का करावा लागतो. प्राणवायू असेल तर बाटलीत तपकिरी साका बसतो, नसेल तर तो पांढराच राहतो. हा रंग एकदा डोळ्यांनी पाहिला की आकड्यावर वाद घालावा लागत नाही. व्यावसायिक मासेमारीच्या किनारी पाण्यासाठी आपल्याकडचा निकष लिटरला किमान 4 मिलिग्रॅम प्राणवायूचा आहे.

मग घाण थांबवल्यावर खाडी आपोआप सुधारते का? इथं चिलिकाची गोष्ट सांगायला हवी. ते ओडिशातलं खाऱ्या-गोड्या पाण्याचं मोठं सरोवर, पण त्याच्या बरं होण्यात पुण्याजवळच्या खडकवासल्याचाही वाटा आहे. नद्यांच्या गाळाने चिलिकाची समुद्राकडची वाट भरत गेली, खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या, मासे संपत आले. 1993 मध्ये पाणथळी जपण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर करारातल्या धोक्यातल्या पाणथळींच्या यादीत चिलिकाचं नाव गेलं. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने प्रवाहाची प्रारूपं अभ्यासली आणि सप्टेंबर 2000 मध्ये समुद्राकडे नवं मुख उघडलं गेलं. बाहेर जाणाऱ्या पाण्याची वाट 18 किलोमीटरने कमी झाली. पुढच्या काही वर्षांत मासळीचं उत्पादन कित्येक पटींनी वाढलं आणि 2002 मध्ये चिलिका त्या यादीतून बाहेर पडलं. उगमाकडच्या गावांना सोबत घेऊन माती अडवण्याचं कामही चिलिका विकास प्राधिकरणाने केलं, कारण तसं न करता नुसतं मुख उघडलं असतं तर ते पुन्हा भरलं असतं.

पाण्याची ये-जा. कोकणात हीच गोष्ट फार लहान प्रमाणावर, आणि म्हणून फार सहज, बिघडते. रस्ता बांधताना खाडीच्या फाट्यावर भराव पडतो, खाली दोन अरुंद नळ टाकले जातात, पलीकडची तिवरं (खारफुटीची झाडं) वर्षा-दोन वर्षांत वाळतात. नवी मुंबईत नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याच्या वाटा बंद झाल्या आणि 2024 मध्ये तो सुकत गेला. तिथं उतरणाऱ्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांपैकी काही मेले. नागरिकांनी आवाज उठवला, पाण्याच्या वाटा मोकळ्या करण्याची मागणी लावून धरली. जवळच्या ठाणे खाडीला 2015 मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य आणि 2022 मध्ये रामसर स्थळ असा दर्जा मिळाला. पण भरतीला हे पक्षी आजूबाजूच्या पाणथळींवर येऊन बसतात. खाडीला संरक्षण आणि तिच्या शेजारच्या तळ्याची मोरी, म्हणजे भरतीचं पाणी येण्याची वाट, बुजलेली, असं चालत नाही.

म्हणून रोपं लावण्याच्या आधी मोरी बघावी, असं माझं ठाम मत आहे. कांदळाच्या शेंगा झाडावरच रुजतात आणि भरतीबरोबर तरंगत जातात. तिवराचं बीही पाणीच पसरवतं. पाण्याची पातळी योग्य असेल तर कांदळवन स्वतःहून येतं, आणि ती चुकली असेल तर लावलेली हजारो रोपं मरतात. उघड्या चिखलपट्ट्यांवर तर लावूच नयेत. त्या ओसाड दिसतात, पण किनारपक्ष्यांचं ताट तेच आहे, आणि निवट्या, तिसऱ्या वेचणाऱ्या बायांचंही.

गाळाबद्दलही एक गैरसमज आहे. काळा चिखल आणि सडक्या अंड्याचा वास म्हणजे प्रदूषण, असं अनेकांना वाटतं. निरोगी कांदळवनातला चिखलही काळाच असतो. प्राणवायू नसलेल्या चिखलात जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि त्यातून हा वास येतो. याच चिखलात कारखान्यांतून आलेले जड धातू सल्फाइडशी बांधले जाऊन पडून राहतात. घाईघाईने गाळ उपसला की ते प्राणवायूच्या संपर्कात येतात आणि पुन्हा पाण्यात मिसळू शकतात. ‘गाळ काढा’ ही सभेत टाळ्या मिळवणारी मागणी आहे. ती करण्याआधी चिखलात काय आहे ते तपासून घ्यावं.

आता सरकारी बाजू. पाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, मासे मत्स्यव्यवसाय विभागाकडे, तिवरं वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे, जेटी मेरीटाईम बोर्डाकडे, खारबंधारे खारभूमी विभागाकडे, गावाचं सांडपाणी ग्रामपंचायतीकडे. एका खाडीचे इतके वाटेकरी. खाडीत दिवस काढणारा मच्छीमार तेवढा या सगळ्यांच्या हद्दींतून रोज जातो. त्याला या खात्यांच्या बैठकीत खुर्ची असणं हा उपकार नाही, ती कामाची गरज आहे.

जिथं ही खुर्ची मिळाली तिथं काय होतं, ते दक्षिणेकडे दिसतं. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बाया 2017 पासून होडीतून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. त्याच वर्षी राज्याने कांदळवन संवर्धन आणि उपजीविका निर्मितीची योजना आणली आणि गावच्या गटांना खेकडे, कालवं, शिणाणे (एक प्रकारचे शिंपले), पिंजऱ्यातले मासे पाळायला अनुदान मिळू लागलं. तिवर तोडणाऱ्याला आता घरचेच लोक हटकतात, कारण त्यावर घर चालतं. इथं एक क्रम मात्र पाळायला हवा. कालवं पाणी गाळून खातात, म्हणून पाण्यातले धातू आणि जंतू त्यांच्या अंगात साठतात. सिंधुदुर्गातल्या स्वच्छ खाडीत चालतं ते रसायनांच्या खाडीत जसंच्या तसं आणलं तर गावालाच विष वाढल्यासारखं होईल. आधी नाल्याचं तोंड बंद, मग पाण्याची वाट मोकळी, मग वर्षभराच्या नोंदी, आणि त्या नोंदी बऱ्या निघाल्या तरच पाण्यात कालवांचे दोर.

त्या नोंदींसाठी बाटलीवर चिठ्ठी डकवतात. तीत ठिकाण, तारीख, वेळ आणि नमुना घेणाऱ्याची सही असते. कोकणातल्या चिठ्ठीवर आणखी तीन रकाने हवेत. तिथी, पाणी चढतं होतं की उतरतं, आणि बाटली किती हात खोल सोडली. पहिले दोन रकाने भरायला होडी वल्हवणारा पुरे, तिसऱ्यासाठी दोरीला गाठी मारल्या की झालं.