किनाऱ्यावरची भूरूपं आणि त्यांची नेमकी नावं

समुद्रकिनाऱ्यावर पाण्यामुळे, वाऱ्यामुळे जे आकार तयार होतात ती किनारी भूरूपं, आणि त्यांचं नाव नुसतं दिसण्यावरून ठरवायचं नसतं, ते कशामुळे झालं आणि भरती-ओहोटीला तिथे काय होतं हे बघावं लागतं.

सगळ्यात जास्त घोळ खाडीचा. नदीच्या मुखातून भरतीचं खारं पाणी जिथवर आत शिरतं ती खाडी. शेवटच्या हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता, मग बर्फ वितळलं, पाणी चढलं आणि कोकणातल्या नद्यांची तोंडं बुडाली, म्हणून आपल्याकडे जरा पुढे गेलं की खाडी लागतेच, सावित्रीची बाणकोट, वाशिष्ठीची दाभोळ, शास्त्रीची जयगड. दाभोळची भरती तर पार चिपळूणजवळ गोवळकोटपर्यंत चढते, त्यामुळे तिथे बंदर होतं. उपसागर म्हणजे रुंद, उघड्या तोंडाचा समुद्राचा भाग आणि आखात जमिनीत आत घुसलेलं, कच्छ किंवा खंभातसारखं. हल्ली बातम्यांत ‘बंगालच्या खाडीत कमी दाबाचा पट्टा’ असं सर्रास येतं, ते हिंदीतून उचललेलं आहे, मराठीत तो उपसागरच, आणि हे सांभाळायलाच हवं कारण खाडी हा शब्द आपल्याकडे दुसऱ्याच गोष्टीसाठी रोज वापरात आहे.

वाळूचा किनारा म्हणजे पुळण. पण मालवणजवळचं देवबाग बघा, एकीकडे अरबी समुद्र, दुसरीकडे कर्ली नदी आणि मधे माडांची, घरांची चिंचोळी पट्टी. लाटांबरोबर किनाऱ्याकिनाऱ्याने सरकणारी वाळू नदीच्या तोंडाशी साचून लांबत गेली की असं होतं, याला वाळूचा दांडा म्हणायचं. सगळे बीच म्हणतात, पण पुळण ही त्या दांड्याची फक्त समुद्राकडची कड.

खाजण जपून वापरावं. शाळेच्या पुस्तकात वाळूच्या दांड्यामागे अडकलेलं चिल्कासारखं सरोवर म्हणजे खाजण, पण कोकणात-गोव्यात खाजण म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी खाडीकाठची जमीन. गोव्यात तिला बांध घालून, मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, पाणी आतबाहेर करून भात आणि मासे दोन्ही घेतात. त्यामुळे कुठलं खाजण ते एका वाक्यात सांगून टाकावं. केरळातल्या सरोवरांना कायल हेच नाव बरं.

खडकाळ किनाऱ्याचं सोपं आहे, वर सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार, समुद्राकडे तुटलेला कडा, आणि कड्याच्या पायथ्याशी लाटांनी झिजवलेला खडकाचा ओटा म्हणजे तरंगघर्षित मंच. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर तो अगदी पायाखाली येतो, खडकात गोल खळगे, जाळीसारखी भोकं, सगळं हाताने चाचपून बघता येतं, फक्त ओहोटीलाच जायचं, भरतीला ती वाट पाण्यात जाते.